पाणी आधी गाळा, मग उकळा



पावसाळा लागला, कयाधूला पूर येऊन गेला किंवा कुठे जलवाहिनी फुटली, की शहराच्या गल्ल्यांतून भोंगा लावलेली गाडी फिरते आणि एकच वाक्य सांगत जाते : नागरिकांनी पाणी उकळून व गाळून प्यावे. वर्षानुवर्षे हे वाक्य आपण ऐकतो. ऐकून मान हलवतो आणि कामाला लागतो. या अंकात त्या एका वाक्यावर लिहावे असे ठरवले, कारण आपल्या कामाचा आणि त्या वाक्याचा संबंध वाढत चालला आहे.

आपले काम मुख्यतः कळमनुरी, औंढा आणि सेनगाव तालुक्यांतल्या आंध वस्त्यांवर. पण या वस्त्यांवरची मुले-मुली आठवी-नववीनंतर शिकायला शहरात येतात, वसतिगृहात राहतात किंवा नातेवाइकांच्या एका खोलीत. हळदीच्या हंगामात आईबाप वसमतकडे कामाला येतात. गावी हातपंपाचे किंवा विहिरीचे पाणी प्यालेली ही माणसे शहराच्या नळाला मात्र निःशंकपणे तोंड लावतात. नळ म्हणजे सरकारी पाणी, म्हणजे चांगले पाणी, अशी त्यांची समजूत असते. एरवी ती बरीचशी खरीही असते. ज्या आठवड्यात ती खरी नसते, त्या आठवड्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. भोंग्यावरच्या वाक्यातला क्रम उलटा आहे. आधी गाळायचे, मग उकळायचे. उकळल्यानंतर फडक्यातून गाळले तर त्या फडक्यावरचे, ते पिळणाऱ्या हातावरचे जंतू पुन्हा पाण्यात उतरतात आणि जाळलेले इंधन वाया जाते. स्वयंपाकघरातले गाळणीचे फडके कधी धुतले, कशावर वाळले, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आता हे पाणी बिघडते कुठे, ते पाहू. हिंगोली शहराला सिद्धेश्वर धरणाचे पाणी येते. धरणापासून जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत आणि तिथून उंच टाकीपर्यंत पाण्यावर देखरेख असते. तुरटीने गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन देतात. बिघाड बहुधा शेवटच्या टप्प्यात होतो, टाकी ते आपला हंडा या वाटेवर. मराठवाड्यातल्या शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी चालू असते तेव्हा नळीतून बाहेरच्या बाजूला दाब असतो. चीर असेल तर पाणी बाहेर झिरपते, आत काही येत नाही. पण पुरवठा बंद झाला की नळी रिकामी होते, आतला दाब जातो, आणि शेजारच्या गटाराचे, साचलेल्या डबक्याचे पाणी त्याच चिरेतून आत शिरते. पुढच्या वेळी पाणी सुटले की पहिल्या धारेबरोबर ते आपल्या घरी येते.

यात आपण स्वतः दोन गोष्टींची भर घालतो. दाब कमी म्हणून नळाचे तोंड जमिनीखाली खड्ड्यात नेतो. त्या खड्ड्यात सांडपाणी साचते आणि नळ त्यात बुडलेला असतो. दुसरी गोष्ट मोटार. नळाला थेट विजेची मोटार लावली की ती पाण्याबरोबर नळीतल्या प्रत्येक चिरेतून बाहेरची घाणही ओढून घेते. ती घाण फक्त मोटारवाल्याच्या घरी जात नाही, त्या ओळीवरच्या सगळ्यांच्या घरी जाते. शेजाऱ्यावर प्रीती करावी असे आपण दर रविवारी ऐकतो. मोटारीचा विषय त्यात बसतो असे माझे मत आहे, आणि ते मी मंडळीत बोलूनही दाखवले आहे. सगळ्यांना आवडले नाही.

म्हणून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते वेगळ्या बादलीत धरून सांडण्या-धुण्याला वापरावे. धार स्वच्छ झाली की मगच पिण्याचे भांडे लावावे. याने धोका संपत नाही, पण उतरतो.

उकळणे म्हणजे काय, याबद्दल मी घरोघरी वेगवेगळी उत्तरे ऐकली आहेत. कोणी म्हणते वाफ निघाली की झाले. कोणी म्हणते वीस मिनिटे ठेवावे. दोन्हींत चूक आहे. पहिल्यात आजाराचा धोका, दुसऱ्यात इंधनाची नासाडी.

पोटाचे आजार करणारे जंतू, विषाणूसुद्धा, शंभर अंशांच्या बरेच आधी मरू लागतात. डेअरीत दूध ७२ अंशांना पंधरा सेकंद तापवून निर्धोक करतात, हे पिशवीतले दूध घेणाऱ्यांना माहीत असेल. मग पाणी उकळायचेच कशाला? कारण चुलीपाशी तापमापक नसतो. बुडबुडे हाच आपला तापमापक. तळाशी चिकटलेले बारीक बुडबुडे म्हणजे उकळी नव्हे, ती पाण्यातली हवा बाहेर पडत असते. कडेला सूं सूं आवाज येतो तीही उकळी नव्हे. सगळ्या भांड्यातले पाणी खालीवर उसळू लागले, पळीने ढवळले तरी उसळणे थांबत नाही, ती खरी उकळी. आपल्या जिल्ह्यात हळद शिजवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. कढईतली हळद नुसती गरम झाली की शिजली, यातला फरक तो लांबून ओळखतो.

खरी उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. उंच डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे उकळायला सांगतात. हिंगोली समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. म्हणजे आपल्या राज्यात कुठेही एक मिनिटच. भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी लवकर येते.

हा मिनिटांचा हिशेब मी एवढा लावून धरते त्याला कारण आहे. पाच माणसांच्या घरात पिण्यापुरते रोज दहा-बारा लिटर पाणी लागते. रोज दहा लिटर उकळले तर महिन्याला साधारण साडेतीन-चार किलो गॅस जातो. १४.२ किलोच्या सिलिंडरचा हा पाव भाग झाला. चुलीवर तर खर्च आणखी मोठा. उघड्या चुलीवर एक लिटर पाणी उकळायला साधारण एक किलो लाकूड, असा ठोकताळा सांगितला जातो. कळमनुरीकडच्या एका वस्तीवर मी उकळण्याविषयी बोलत असताना एक आजी शांतपणे म्हणाल्या, "माय, पाणी उकळू की भाकरी भाजू, तेवढं सांगून जा." वीस मिनिटे उकळायला सांगणारा माणूस त्यांचे सरपण आणायला जात नाही. जे जमण्यासारखे आहे तेवढेच मागितले, तर ते होते.

आता गाळण्याविषयी. हे भोंग्यावरच्या वाक्यात आले ते उगाच नाही. मराठवाड्यातल्या साठीच्या पुढच्या माणसांना नारू आठवतो. पायातून हातभर लांबीचा किडा बाहेर यायचा आणि माणूस ऐन पेरणीत खाटेवर पडायचा. नारूची अळी पाण्यातल्या बारीक पिसवेसारख्या जिवात असते. पायऱ्यांच्या बारवेत लोक पाण्यात उतरून घागर भरत, तिथे ती पसरे. तो जीव फडक्यात अडकतो. पाणी गाळणे, बारवा बंद करणे आणि हातपंप बसवणे, एवढ्यावर देशातून नारू गेला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. म्हणून जुन्या माणसांचा फडक्यावर फार विश्वास आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे.

बांगलादेशात मतलब भागातल्या गावांत जुनी सुती साडी चार पदरी करून त्यातून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जुनी साडीच का? धुऊन धुऊन धाग्यांची लव सुटते आणि छिद्रे बारीक होतात. नव्या कापडापेक्षा ती बरी गाळते. पण निम्म्याने घटले याचा अर्थ निम्मे उरलेही. विषाणू त्या साडीच्या छिद्रांतून सहज पार होतात. म्हणून गाळणे ही उकळण्याची पूर्वतयारी आहे, बदली नव्हे. पावसाळ्यात पाणी फारच गढूळ असेल तर आधी तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवावा, गाळ बसू द्यावा, वरचे निवळ अलगद दुसऱ्या भांड्यात ओतावे, मग चार पदरी फडक्यातून गाळावे, मग उकळावे. फडके रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवावे.

"पाण्याला ब्लिचिंगचा वास येतोय, मग उकळायचं कशाला?" हा प्रश्न मला वसतिगृहातल्या मुलींनी विचारला. चांगला प्रश्न आहे. त्याचे उत्तर दिल्लीने फार महाग किंमत मोजून दिले आहे. १९५५च्या शेवटी नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत उलटे सरकत शहराच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन वाढवला गेला. त्यामुळे हगवण-विषमज्वराची लाट आली नाही. पण डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जंतू मेले, पण त्या गढूळ पाण्यात विषाणू तगले. ती कावीळ 'ई' प्रकारची होती, हे कित्येक वर्षांनी जतन केलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून कळले. ही कावीळ धडधाकट माणसाला चार-सहा आठवड्यांत सोडते. गर्भवतीला सोडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरांत वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. म्हणून घरात गरोदर सून किंवा लेक असेल आणि सरपण थोडेच असेल, तर पहिले उकळलेले पाणी तिचे आणि लहान मुलांचे. घरातल्या पुरुषांनी हे कान देऊन वाचावे.

अलीकडची दोन उदाहरणे आपल्याच राज्यातली. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या कोरकू वस्तीच्या गावांत पटकी पसरली आणि काही जण मरण पावले. तिथे पाणी योजना होती. बिल थकले म्हणून वीज तोडलेली, म्हणून नळ बंद, म्हणून लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्यायले. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी आणि नांदेड गाव (हे आपले शेजारचे नांदेड नव्हे, पुण्याजवळचे) या भागात हातापायातली ताकद जाणारा गुलेन बारी सिंड्रोम हा आजार एकदम वाढला. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, आणि संशय पाण्याकडे गेला. आरोग्य खात्याने पुणेकरांना जे सांगितले ते आपल्या भोंग्यासारखेच होते, पाणी उकळून प्या. मोठे शहर असो की पाड्याची वस्ती, हा उपाय बदलत नाही.

इथवरचे बहुतेकांना पटते आणि बहुतेक घरी पाणी उकळलेही जाते. मी घरोघर फिरून जे पाहते ते सांगायचे तर पाणी चुलीवर बिघडत नाही, चुलीवरून उतरल्यावर बिघडते. उकळलेल्या पाण्यात क्लोरीनसारखी मागे उरणारी राखण नसते. एक घाणेरडे बोट बुडाले तरी ते पुन्हा कच्च्या पाण्यासारखेच. आणि आपल्या घरात बोटे बुडतातच. उकळलेले पाणी निवायला पसरट पातेल्यात ओततात, वर माशा. निवले की माठात, ज्यात कालचे कच्चे पाणी चार बोटे शिल्लक असते. मग दिवसभर घरातले प्रत्येक जण पेला बुडवून पाणी घेते, बाहेरून खेळून आलेले पोर तर कोपरापर्यंत हात घालते.

पवित्र शास्त्रात राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहोच्या पाण्याची गोष्ट आहे. नगराची जागा चांगली पण पाणी वाईट, अशी तक्रार घेऊन लोक अलीशाकडे येतात. आपण ती गोष्ट संडेस्कूलमध्ये मिठाचा चमत्कार म्हणून शिकवतो. मला त्यातल्या दोन बारीक गोष्टी नेहमी थांबवतात. अलीशा आधी नवे भांडे मागतो. आणि मीठ तो कोणाच्या घरच्या घागरीत टाकत नाही, झऱ्याच्या उगमाशी जाऊन टाकतो. उगमाशी पाणी सुधारणे हाच खरा उपाय, आणि तो नगराचा उपाय आहे. घरोघरी उकळणे ही तो होईपर्यंतची सोय. पण त्या सोयीतही भांड्याला पहिला मान आहे.

तर भांड्याविषयी. ज्या भांड्यात उकळले त्यातच झाकण ठेवून निवू द्यावे, हे सर्वांत बरे. दुसऱ्यात ओतायचेच असेल तर ते भांडे साबणाने धुऊन उकळत्या पाण्याने विसळलेले असावे. साठवायला तोटीचे पिंप उत्तम, कारण हात आत जातच नाही. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, ते भांड्यात किंवा खिळ्याला टांगून, जमिनीवर कधीच नाही. कच्चे आणि उकळलेले पाणी ठेवण्याच्या जागा वेगळ्या असाव्यात. वसतिगृहात आम्ही उकळलेल्या पाण्याच्या पिंपाला लाल चिंधी बांधतो, म्हणजे नवी आलेली मुलगीही चुकत नाही. पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर भांडी घासायला घ्यावे आणि पिंप धुऊन नवे भरावे.

मुली म्हणतात की उकळलेले पाणी बेचव लागते. लागतेच, कारण त्यातली हवा निघून गेलेली असते. निवल्यावर दोन स्वच्छ भांड्यांत वरून खाली तीन-चार वेळा ओतले की चव परत येते. तोटीचा माठ स्वच्छ धुऊन वापरला तर गारही होते. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवल्याने काही जंतू मरतात हे खरे, पण उकळण्याची सूचना असताना त्यावर विसंबू नये. मेणबत्तीच्या, म्हणजे कँडलच्या फिल्टरवरही नाही. विषाणू त्यातून जातात.

महिला मंडळाच्या बैठकीत या विषयावर प्रश्नांचा पाऊस पडला, त्यातले काही इथे देते. भाकरीचे पीठ कोणत्या पाण्यात मळावे? साध्या चालेल, भाकरी तव्यावर आणि आरावर भाजली जाते. वरण-भात? चालेल, तो उकळूनच शिजतो. चहा? पाणी नीट उकळले असेल तर चालेल. ताक, सरबत, कच्ची चटणी, कोशिंबीर यांना मात्र उकळून निवलेलेच पाणी, आणि कोथिंबीर, काकडी, मुळा धुवायलाही तेच. दात घासायला, चूळ भरायला उकळलेले. अंघोळ नळाच्या पाण्याने चालेल, फक्त लहान मुले अंघोळीत पाणी गिळतात, तिकडे लक्ष ठेवावे. घासलेली भांडी ओली वापरू नयेत, उन्हात पालथी घालून पूर्ण वाळू द्यावीत. बर्फाचा गोळा आणि पाणीपुरी या दिवसांत बंद. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी मुळीच देऊ नये, उकळलेलेही नको. आईचे दूध पुरते, उन्हाळ्यातसुद्धा. या एका मुद्द्यावर आज्यांशी वाद होतो आणि तो मी घालते.

उकळण्याने काय होत नाही तेही सांगितले पाहिजे. त्याने जीवजंतू मरतात, विरघळलेले क्षार आणि विषे जात नाहीत. उलट पाणी आटते आणि ती घट्ट होतात. शेजारच्या यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. ते पाणी कितीही उकळले तरी उपयोग नाही, वेगळा स्रोतच शोधावा लागतो. खताच्या नायट्रेटचे आणि फवारणीच्या औषधाचेही तसेच. फवारणीच्या डब्यात, मग तो कितीही धुतलेला असो, पाणी भरू नये. पाण्याला औषधाचा, डिझेलचा वास येत असेल तर ते उकळत बसू नये, पिऊच नये.

जिथे सरपणच नाही तिथे काय? तिथे क्लोरीन. आरोग्य खात्याकडून मेडिक्लोरच्या बाटल्या मिळतात, आशाताईंकडे विचारावे. बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच थेंब घालावेत, अंदाजाने नाही, आणि अर्धा तास थांबून प्यावे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून घ्यावे. गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो. गावाच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकणे हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे काम. ती टाकली की नाही हे ओटी टेस्टने दोन मिनिटांत कळते. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, तसेच राहिले तर नाही. ही तपासणी आपल्यासमोर करून दाखवा, असे म्हणायला कोणत्याही बाईने कचरू नये. दुसरा बिनखर्ची उपाय उन्हाचा. पेयाची दोन लिटरपर्यंतची पारदर्शक प्लॅस्टिक बाटली, लेबल काढलेली, निवळ पाण्याने भरून पत्र्यावर सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. बाटलीमागे छापील मजकूर धरला आणि तो वाचता आला, तर पाणी पुरेसे निवळ आहे. पण हा उपाय उन्हाळ्याचा आहे, आणि पाणी बिघडते आषाढ-श्रावणात. म्हणून मी त्याला दुसरा क्रमांक देते.

एवढे करूनही जुलाब लागलेच, तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करावे. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटर, पूर्ण पाकीट. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. पाणी उकळून निवलेले हवे. पण मूल सुकत चालले असेल तर पाणी निवायची वाट पाहू नये, असेल त्या बऱ्यातल्या बऱ्या पाण्यात बनवावे. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घेऊन त्या चौदा दिवस पूर्ण द्याव्यात, जुलाब थांबले तरी. अंगावरचे दूध चालू ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल मलूल पडले, शौचात रक्त आले किंवा भाताच्या पेजेसारखे पाणी पडू लागले, तर घरी थांबू नये. अशा वेळी आधी प्रार्थना की आधी दवाखाना, असे मला विचारले जाते. प्रार्थना रिक्षातही करता येते.

आता मंडळींसाठी थोडे. कापणीचा सण, उज्जीवन सभा, लग्ने, सगळीकडे आता वीस लिटरचे थंड जार येतात. जारचे पाणी थंड असते, शुद्ध असतेच असे नाही. सीलबंद बाटलीवर परवाना क्रमांक असतो. सुट्या जारला बहुधा काहीच नसते, आणि तो ज्या पाण्याने भरतात ते कदाचित तुमच्याच नळाचे असते. शहरात सूचना लागू असेल त्या आठवड्यात सभा असेल तर आदल्या रात्री मंडळीच्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, झाकून, तोटीच्या पिंपात भरावे. तरुण संघाला हे काम जमते. औंढ्याकडच्या एका छोट्या मंडळीने गेल्या पावसाळ्यात ते केले, आणि पेले धुवायलाही तेच पाणी ठेवले.

ज्यांनी आपल्या कामासाठी काय द्यावे असे विचारले, त्यांना माझी विनंती तोटीच्या स्टीलच्या पिंपांची आहे. दहा ते पंधरा लिटरचे, घट्ट झाकणाचे, आत हात घालून घासता येईल एवढ्या तोंडाचे, आणि तोटी तळापासून दोन बोटे वर असलेले, म्हणजे गाळ पेल्यात येत नाही. प्लॅस्टिकची तोटी वर्षात गळते, धातूची बसवून द्यावी. वस्तीवर नुसते पिंप पोहोचवून आम्ही येत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा जाऊन पाहतो. एका घरी ते पिंप धान्याने भरलेले सापडले होते. झाकण घट्ट, उंदीर लागत नाही, असे घरधनीण म्हणाली. तिला दोष देता येईना. धान्याची कोठी वेगळी मिळवून दिली, मग पिंपात पाणी आले.

सूचना मागे घेतल्याचे भोंग्यावरून कळले की लगेच नळाला तोंड लावू नये. घरातला प्रत्येक नळ काही मिनिटे मोकळा सोडावा. गच्चीवरची किंवा जमिनीतली टाकी रिकामी करून, घासून, ब्लिचिंगच्या पाण्याने धुऊन मग भरावी. साठवलेला बर्फ टाकून द्यावा. फिल्टर असेल तर त्याची कँडल किंवा कार्ट्रिज बदलावे किंवा साफ करून घ्यावे. आमच्या वसतिगृहात टाकी धुण्याचे काम नववीच्या मुलींकडे आहे. त्या टाकीच्या आतल्या बाजूला खडूने तारीख लिहितात, पुढच्या वेळी ती पुसली गेलेली असते, आणि बाहेर वहीत लिहिलेली तारीख मात्र राहते. पुढच्या महिन्यापासून ती वही पाळकसाहेब पाहणार आहेत.